दहा स्पेस

मकासरे सरांचं ग्रीक मी टाइप करायचे.
म्हणजे ग्रीक नव्हेच, ग्रीकपुरती जागा सोडायचे,
मग ते शाईच्या पेनानं तिथे अक्षरं लावायचे, रोपं लावावीत तशी.
मुरारच्या त्या खोलीत जानेवारी,
हीटरची एकच सळी लाल,
बशीत गजकचा चुरा.

विदुला, दहा स्पेस सोड.
हा शब्द सगळ्या बायबलात एकदाच आलाय.
कातेइदोलोस.
पौल अथेन्सात सोबत्यांची वाट बघतोय,
वेळ जात नाही, म्हणून गाव हिंडतो,
आणि गाव कसं आहे, तर हे.

मी म्हटलं, मूर्तींनी भरलेलं.
भरलेला तर हंडाही असतो, ते म्हणाले.
मग गजबजलेलं?
तो बाजार झाला.
माजलेलं?
त्यावर थोडा वेळ थांबले. तण माजतं, विदुला.
माजलं म्हटलं की खुरपं आलंच हातात.

मग फोड करून सांगितली, कागदाच्या मागच्या बाजूला:
काता, म्हणजे वरून खाली, पार तळापर्यंत.
झाडांनी काता असलेला डोंगर,
द्राक्षवेलींनी काता असलेला उतार,
तसं मूर्तींनी हे गाव.
आणि एइदोलोन, म्हणजे नुसतं जे दिसतं ते.
पाण्यातलं तोंड. सावली. गेलेल्या माणसाचा भास.
पाहण्याचाच धातू तो.
आपल्याकडे येता येता पाहण्याचं जाणणं झालं, विद् झाला,
तुझ्या नावात बसलाय बघ, भाडं न देता.

आणि गंमत अशी, की अथेन्सकर हा शब्द वापरायचेच नाहीत देवासाठी.
त्यांचा शब्द आगाल्मा,
ज्याच्याकडे बघून जीव हरखतो ते.
एइदोलोन म्हणणारा नेहमी रस्त्यावरचा,
आत न आलेला.

मला आई आठवली, कंपूतल्या आमच्या मोरीपाशी,
चिंचेचा कोळ घेऊन बसलेली: देव घासायचे राहिलेत गं.
मूर्ती हा शब्द तिनं फक्त दुकानात वापरला,
भाव करताना.
टेम्पोत मांडीवर घेतलं की 'सांभाळून',
पाटावर ठेवलं की 'आले'.

फेब्रुवारीत सर म्हणाले, उरवाईला जाऊ.
गुडघे बांधून चढले.
कड्यात कोरलेले ते उंच उघडे जिन,
कोनाड्याला लागून कोनाडा, दगड कमी आणि देह जास्त.
कुणीतरी कधीतरी चेहरे फोडलेले,
कुणीतरी नंतर चुन्याचे बसवलेले, थोडे चुकलेले,
लहान मुलानं आठवून काढावेत तसे.
एकाच्या खांद्यावर पोपट.

सरांनी टोपी काढली. घातली. पुन्हा काढली.
हात जोडले नाहीत, ते कधीच जोडत नसत,
पण टोपीचं काय करावं ते त्यांना कळेना.
पौलाचं मन आतून खवळलं असं लिहिलंय, ते म्हणाले,
मला इतकी वर्षं वाटायचं, रागानं.

उतरताना तिसऱ्या वळणावर बसले, आणि पाण्याची बाटली
उघडायचं सोडून एकदम म्हणाले,
दोर्कस पहाटे येते.
खिडकीपाशी उभी, ओला टॉवेल हातात.
बोलत नाही.
जुन्या ग्रीकात तिलाही हाच शब्द आहे.
मी खुरपं घेऊन कुठे जाऊ?

मे महिन्यात सर गेले.
छापखान्यातून प्रुफं माझ्याकडे आली,
त्या पानावर दहा स्पेस अजून कोऱ्या,
ग्रीक लावायचं राहिलेलं,
पण मराठीत 'भरलेलं' खोडून, वर पेन्सिलीनं, कापऱ्या अक्षरात:
दाटलेलं.

धुकं दाटतं ते. गळाही.
मी शाईनं गिरवलं
आणि कोरी जागा तशीच ठेवून पान परत पाठवलं.